पुण्याची वाढ आणि ओढ्याचं पाणी: क्यूजीआयएसमध्ये अंदाज कसा काढायचा

25 सप्टेंबर 2019 च्या रात्री पुण्यात आंबिल ओढ्याला पूर आला. वरच्या अंगाला आणखी बांधकाम झालं, तर अशा ओढ्यात किती जास्त पाणी उतरेल, याचा अंदाज क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर आणि त्याचं मोलुस हे जमिनीच्या वापरातला बदल वर्तवणारं प्लगइन यांवर काढता येतो. दोन्ही मोफत आहेत.

2005, 2015 आणि 2025 ची लँडसॅट उपग्रहांची चित्रं घ्या. 2005 साठी लँडसॅट 5 च घ्या. लँडसॅट 7 च्या चित्रांत मे 2003 पासून रिकाम्या पट्ट्या आहेत. महिना तिन्ही वर्षी एकच ठेवा, शक्यतो नोव्हेंबर. उन्हाळ्यात नांगरलेलं रान आणि उघडा मुरूम वर्गीकरणात, म्हणजे चित्रातल्या प्रत्येक ठिपक्याला (पिक्सेलला) जमिनीचा प्रकार देताना, सर्रास बांधकाम म्हणून येतो. 2015 ची वस्ती 2025 ला शेत झालेली दिसली, तर पुढे जाऊ नका, वर्गीकरण दुरुस्त करा.

वर्ग चार पुरेत: 1 झाडी, 2 शेत, 3 पाणी, 4 बांधकाम. सगळे थर ईपीएसजी 32643 या नकाशा-प्रक्षेपणात, 30 मीटर पिक्सेलचे आणि एकाच हद्दीचे करा, नाहीतर मोलुस ते स्वीकारत नाही. वर्गांच्या नकाशाला रिसॅम्पलिंग (पिक्सेल नव्याने बसवण्याची पद्धत) ‘निअरेस्ट नेबर’च द्या. सरासरीची पद्धत वापरली, तर 2 आणि 4 च्या सीमेवर 3 उगवतं, म्हणजे शेत आणि इमारतीच्या मध्ये तळं!

सोबत उतार आणि रस्त्यापासूनचं अंतर द्या. रस्ते ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशाचे चालतात, पण 2015 नंतरचे आधी काढून टाका. ते राहिले तर मॉडेलला उत्तर आधीच फुटतं.

मोलुसमधलं मॉडेल 2005–2015 वर शिकवा, 2025 चा नकाशा काढा आणि खऱ्या 2025 शी ताडा. एकट्या कॅपावर (दोन नकाशे किती जुळतात याचा आकडा) विसंबू नका. बहुतेक जमीन बदलतच नाही, त्यामुळे तो फुगतो. नवं बांधकाम तेवढंच मोजा: बरोबर ओळखलेले पिक्सेल भागिले बरोबर, सुटलेले आणि चुकीचे यांची बेरीज. हे पटलं, की 2015–2025 वर पुन्हा शिकवून 2035 काढा. टेकड्या राखल्या तर काय होईल हे पाहायचं असेल, तर ग्रास या नकाशा-सॉफ्टवेअरचं आर.फ्युचर्स हे साधन घ्या; त्यात −1 ते 1 मूल्यांच्या थराने ठरावीक जागेची शक्यता कमी-जास्त करता येते.

आता पाणी. कर्व्ह नंबर (CN) म्हणजे जमिनीवरून किती पाणी वाहून जातं ते दाखवणारा आकडा. त्याच्या सूत्रात आधी S, म्हणजे जमीन जास्तीत जास्त धरून ठेवेल ते पाणी = 25400/CN − 254, मग वाहून जाणारं पाणी (P − 0.2S)² / (P + 0.8S); P म्हणजे पाऊस, पाण्याची सगळी मापं मिलिमीटरमध्ये. 100 मिमी पावसात CN 80 च्या शेतातून सुमारे 50 मिमी वाहतं, CN 95 च्या दाट वस्तीतून 85. म्हणजे बांधकामाखाली गेलेल्या प्रत्येक हेक्टरमागे साडेतीन लाख लिटर जादा. ओढ्याची पातळी मात्र यातून कळत नाही. त्यासाठी पुलांची आणि मोऱ्यांची मापं जागेवर जाऊनच घ्यावी लागतात.