मृगाआधी दारातल्या मॅटचं बघून घ्या

सगळ्यात आधी मॅटचा दुसरा संच मागवा. दारात एक, वाळत एक. गेल्या जूनमध्ये आमच्या हरित इमारतीत एकच संच होता. तिसऱ्या दिवशी पाय ठेवला की बुटाच्या कडेनं काळं पाणी वर यायचं. काढावी तर दारात घालायला दुसरी नाही, म्हणून तशीच राहिली. लॉबीतल्या ग्रॅनाइटवर एक बाई घसरल्या, मनगट मोडलं. ओली मॅट पाय पुसत नाही, उलट भिजवते.

आता लांबी. हरित इमारतींना मिळणाऱ्या लीड (LEED) मानांकनाला चालण्याच्या दिशेनं किमान 3 मीटर लागतात. तेवढ्यात दोन्ही पाय साधारण दोन-दोनदा टेकतात, म्हणून ती कापू नका. बाहेर ॲल्युमिनियमची जाळी, मग खरखरीत मॅट, आत पाणी शोषणारी नायलॉनची. जाळीखालच्या खळग्यात बादलीभर पाणी ओतून निचरा तपासा, साचलं तर डास होतील. काथ्याचं पायपुसणं उन्हाळ्यात छान. पावसात पाणी धरून ठेवतं आणि तंतू आत येतात. नव्या मॅटच्या रबराला उग्र वास असेल तर काही दिवस उघड्यावर पसरा. हवा शुद्ध राहावी म्हणूनच तर हा खटाटोप.

दाराखालची फट मॅट घेण्याआधी मोजा, दार मॅटवर अडायला नको. आणि पार्किंगचं दार! निम्म्याहून जास्त माणसं दुचाकी लावून तिथूनच आत येतात आणि चांगली मॅट मात्र पुढच्या दाराला. तिथेही तेवढीच लांब हवी, आणि हो, तिचाही दुसरा संच.

दुसरा संच वाळणार कुठे, हेही आत्ताच ठरवा. बेसमेंटमध्ये आडवा पाइप आणि एक पंखा पुरतो. ओली मॅट गुंडाळून ठेवायची नाही, हे हाउसकीपिंगला स्वतः दाखवा. आमची गुंडाळलेली उलगडली तेव्हा पाठीवर पांढरी बुरशी होती.

व्हॅक्यूम रोज, उभा आणि आडवा. आठवड्यातून एकदा उचलून खालची माती काढणं, धुणं, नोंद. कडा वळली की बदला, व्हीलचेअर अडते. ऑर्डर मे महिन्यातच द्या, दोन्ही संचांची.