पत्रा उडू नये म्हणून: घरावरची शेड बांधून घेताना

जून जवळ आला की पत्र्यांवर विटा, दगड, जुने टायर चढू लागतात. त्यांचा उपयोग किती, याचा हिशोब करून बघा. ताशी १०८ किलोमीटरचा वारा दर चौरस मीटरला साधारण ५५ किलोचा दाब निर्माण करतो. अर्धा मिलिमीटर जाड पत्र्याचं वजन तेवढ्याच जागेत जेमतेम पाच किलो भरतं. कमी उताराच्या छपरावर वारा खाली दाबत नाही, वर ओढतो. म्हणजे दहा बाय वीस फुटांच्या शेडला जवळपास एक टनाची उचल! १७ मे २०२१ ला तौक्ते वादळात मुंबईत कुलाब्याला वाऱ्याचे झोत याच वेगाच्या घरात होते, आणि आयएस ८७५ हे भारतीय मानक मुंबईसाठी बांधकामाच्या हिशोबाला वाऱ्याचा मूळ वेग धरतं सेकंदाला ४४ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १५८ किलोमीटर. चार विटांनी काय होणार? उलट त्याच खाली कोणाच्या तरी डोक्यात पडायच्या.

पत्र्याला स्क्रू धरतो, स्क्रूला पाइप, पाइपला इमारत. काम बघायचं ते खालून वर.

गच्चीवर शेड घालायची असेल तर सोसायटीची लेखी संमती आणि वॉर्ड ऑफिसची परवानगी आधी घ्या. मग पाया. इथेच सगळ्यात जास्त फसवणूक होते. फॅब्रिकेटर खांबाखाली बेस प्लेट, म्हणजे लोखंडी पाटी, ठेवतो, चार अँकर बोल्ट ठोकतो, दिसायला भक्कम. पण जुन्या गच्चीवर स्लॅबच्या वर विटांच्या तुकड्यांचा वॉटरप्रूफिंगचा कोबा असतो. बोल्ट त्यातच अडकला तर पकड नाहीच, शिवाय खालच्या घरात गळती. खांब आरसीसी कॉलम किंवा बीमवरच बसवा, आणि ते नेमके कुठे आहेत हे स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून ठरवून घ्या. चाळीच्या विटांच्या भिंतीत नुसता पाइप खोचून तर अजिबात चालत नाही.

सांगाड्याचे जोड टाके मारून सोडू नका, वेल्डिंग सलग हवं. त्यावर लगेच रेड ऑक्साइडचा गंजरोधक हात, मग रंग. पाइपांची तोंडं बंद करायला सांगा. खारी हवा आतून गंजवते आणि बाहेरून काही कळत नाही. आडव्या पाइपची जाडी किमान दोन मिलिमीटर घ्या, कारण पातळ पाइपात स्क्रूचे आटे धरायला धातूच नसतो. आडव्या पाइपांमध्ये चार फुटांपेक्षा जास्त अंतर नको, कडेला तीनच.

पत्रा घेताना गेज नको, मिलिमीटर विचारा, आणि ती जाडी रंग-मुलामा धरून की नुसत्या पोलादाची, हेही. दुकानदार बहुधा जास्तीचा आकडाच सांगतो.

आता स्क्रू. वारा सगळ्यात जोरात ओढतो तो कडा, कोपरे आणि आढ्याजवळ. मधल्या भागात एक पन्हळ सोडून एक स्क्रू चालेल. कडेला प्रत्येक पन्हळीला हवा. पन्हाळी पत्र्यात तो उंचवट्यावर मारा, खोलगटात पाणी वाहतं. रबरी वॉशर किंचित दबावा, बाहेर फुगून फाटू नये, म्हणून ड्रिलचा वेग कमी ठेवायला सांगा. समुद्राजवळ स्टेनलेस स्टीलचे किंवा जाड मुलाम्याचे स्क्रू घ्या. ते महाग पडतात, पण पूर्ण शेडच्या खर्चात तो फरक किरकोळच.

मुंबईत पावसाळी वारा पश्चिमेकडून येतो. म्हणून पत्रे पूर्वेच्या टोकापासून लावत पश्चिमेकडे यावं. मग वरच्या पत्र्याची उघडी कड वाऱ्याकडे पाठ करून राहते. वळचण एका फुटाहून लांब नको. बाजू उघड्या असलेल्या शेडला खालूनही दाब लागतो, तिथे स्क्रू आणि अँकर दोन्ही वाढवा.

दर एप्रिलमध्ये तपासणी करा. तौक्ते मेमध्येच आलं होतं, जूनची वाट बघू नका. चढणाऱ्याने पाय आडव्या पाइपवरच ठेवावा. स्क्रू सैल झाला असेल तर भोकात सिलिकॉन भरून भागत नाही. गळती थांबते, पकड येत नाही. एक माप जाड स्क्रू घाला, नाहीतर शेजारी नवा मारून जुनं भोक बुजवा.