तिखटाच्या घरातलं कुत्रं: त्याचा वाटा कधी काढायचा

कोल्हापुरात मंगळवार पेठेत आमची खानावळ आहे. पुढं ताटात तांबडा, पांढरा, सुकं मटण आणि मागच्या दारात चिंगी, १६ किलोची गावठी कुत्री. हात धुवायला मागं आलेलं गिऱ्हाईक तिच्याकडं बघतं आणि हमखास विचारतं, "वहिनी, हिला तिखट चालतंय काय हो?" चालत नाही. पण ज्यांच्या घरी कुत्रं आहे त्यांना मी आधी दुसरंच सांगते: मिरचीला जेवढं भिताय, त्याच्या दुप्पट कांदा-लसणाला भ्या.

मिरची निदान लगेच कळते. तोंड पोळलं की कुत्रं मागं सरतं, जीभ फिरवतं, पाण्याकडं पळतं. तेलात परतलेला कांदा मात्र गोड लागतो, मुकाट पोटात जातो, आणि दोन-चार दिवस बाहेरून काहीच दिसत नाही. म्हणून सगळा बेत एकाच गोष्टीवर बसवायचा. कुत्र्याचा वाटा फोडणीच्या आधी काढायचा. नंतर काढलेला चालत नाही, धुऊन दिलेलाही चालत नाही.

"कुत्र्याला तिखट लागतच नाही" असं छातीठोक सांगणारे बरेच भेटतात. त्यात अर्धं खरं आहे. माणसाच्या जिभेवर चवीच्या कळ्या साधारण ९,००० असतात, कुत्र्याच्या १,७०० च्या आसपास. पण तिखट त्या कळ्यांतून कळत नाही. मिरचीतलं कॅप्सायसिन भाजल्याची वेदना ओळखणाऱ्या नसांना डिवचतं, आणि त्या नसा कुत्र्यालाही आहेत. पोपट मिरच्या खुशाल कुरतडतो, कारण पक्ष्यांच्या नसांवर कॅप्सायसिनचा परिणाम होत नाही. कुत्र्याला ती सवलत नाही. मग ते रस्सा का चाटतं? मटणाच्या आणि चरबीच्या वासानं. नाक एवढं तयारीचं की वासावरच त्याचं जेवण ठरतं, आणि गिळायची घाई अशी की आग कळेपर्यंत अर्धी वाटी गेलेली असते.

आता कांद्याचं. कांदा, लसूण, कांद्याची पात या सगळ्यांत गंधकाची अशी द्रव्यं असतात की त्यांनी कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. शिजवलं, तळलं, वाळवलं तरी ती जात नाहीत. उलट पावडर जास्त वाईट, कारण पाणी उडून गेलं आणि माल घट्ट झाला. कुत्र्याच्या वजनाच्या अर्धा टक्का कांदा एका वेळी पोटात गेला तर विषबाधा होते, हा डॉक्टरांचा ढोबळ हिशेब. चिंगीच्या १६ किलोला तो ८० ग्रॅम, म्हणजे मध्यम कांदा पुरा नाहीच. वजनाला वजन लावलं तर लसूण कांद्याहून जहाल. थोडं-थोडं रोज गेलं तरी साठत जातं. आणि आपली लाल चटणी म्हणजे मिरचीबरोबर कांदा, लसूण, खोबरंच की!

इथं दोन गैरसमज अगदी मुरलेले आहेत. एक, "रश्शातली फोड नळाखाली धुऊन देतो." धुण्यानं वरची चटणी जाते, मटणात मुरलेला कांदा-लसूण तसाच राहतो. दुसरा जास्त फसवा: "तांबडा नको, अळणी देतो." अळणी म्हणजे नावाला अळणी, मटण शिजवलेलं पाणी ते; त्यात आपण हळदीबरोबर आलं-लसूण टाकतो, मीठ टाकतो, कांदाही परततो. तिखट नाही एवढंच त्याचं पुण्य. पांढऱ्याचं तेच, वर नारळाच्या दुधाची आणि काजूची चरबी.

मी करते ते असं. सकाळी मटण आलं की धुतल्या-धुतल्या चिंगीचे बिनहाडाचे तुकडे बाजूला. छोट्या पातेल्यात नुसतं पाणी, वाटलं तर चिमूटभर हळद, मीठ नाही. मऊ शिजवायचं, गार करायचं आणि वर साकळलेली चरबी चमच्यानं काढून टाकायची. त्यात कण्यांचा मऊ भात, किंवा ज्वारीची भाकरी कुस्करून (आमच्याकडं भाकरीत मीठ घालत नाहीत), आणि लाल भोपळा, दुधी किंवा गाजर उकडून. पळी वेगळी ठेवायची. तांबड्यातली पळी झटकून या पातेल्यात घातली की केलेलं सगळं वाया. ज्यांच्याकडं मटण रोज नसतं त्यांनी कोंबडी तशीच उकडावी, नाहीतर उकडलेलं अंडं द्यावं. साधं वरणही फोडणीच्या आधी वाटीभर काढून ठेवता येतं. मात्र नुसत्या घरच्या जेवणावर वाढवणार असाल तर डॉक्टरांना विचारून कॅल्शियमचं बघा. भात आणि मटण यांत ते पुरेसं नसतं.

शिजलेलं हाड देऊ नका. नळीचं तर नाहीच. शिजलं की हाड ठिसूळ होतं, चावलं की त्याच्या टोकदार ढलप्या निघतात आणि घशात नाहीतर आतड्यात रुततात. टेबलाखाली हाडूक टाकणाऱ्या गिऱ्हाइकाशी मी सरळ भांडते. "अहो, एवढ्याशानं काय होतंय" म्हणणाऱ्याला ऑपरेशनचं बिल किती येतं ते सांगते, मग हात ताटाबाहेर जात नाही.

शाकाहारी घरांनी निवांत होऊ नये. पोह्यांत कांदा, थालीपिठात कांदा, वड्याच्या सारणात लसूण, मिसळीचं तर बोलायलाच नको.

उन्हाळ्यात चटणीचे दिवस आले की कुत्र्याचं नाक आधी सांभाळा. मिरची भाजताना आपल्याला ठसका लागतो, शेजारचे दारं लावून घेतात, आणि कुत्र्याचं नाक आपल्याहून कितीतरी तिखट. भाजण आणि कुटण होईपर्यंत त्याला लांबच्या खोलीत किंवा वारा धूर नेत नाही त्या बाजूला दूर ठेवा. गच्चीवर मिरच्या वाळत घातल्या असतील तर तिथं सोडू नका. पंजाला लागलेली भुकटी ते चाटतं, मग त्याच पंजानं डोळा चोळतं. मिरच्या निवडलेल्या हातानं त्याच्या तोंडाला हात लावायचा नाही, हे आपल्या पोरांनाही बजावून ठेवा.

एवढं करूनही एखाद्या दिवशी कुत्रं पातेल्यात तोंड घालतंच. तेव्हा आधी भांडं उचला आणि बघा, काय गेलं, किती गेलं, त्यात कांदा-लसूण किती होता, हाड होतं का. वेळ लक्षात ठेवा. कांदा किंवा लसूण बऱ्यापैकी गेलाय असं वाटलं तर लक्षणांची वाट न बघता तेव्हाच डॉक्टरांना फोन लावा, कारण पहिल्या एक-दोन तासांत त्यांना जे करता येतं ते दुसऱ्या दिवशी करता येत नाही. वजन, पदार्थ, प्रमाण, वेळ या चार गोष्टी सांगितल्या की त्यांचं निम्मं काम होतं.

नुसतं तिखट लागलं असेल तर गार पाणी पुढं ठेवा, जबरदस्तीनं पाजू नका. कॅप्सायसिन पाण्यात विरघळत नाही, दह्यातल्या प्रथिनाला आणि चरबीला मात्र धरतं, म्हणून चमचा-दोन चमचे साधं दही द्या. दूध बऱ्याच मोठ्या कुत्र्यांना पचत नाही, आधीच बिघडलेलं पोट आणखी ढाळतं. तूप, तेल, गूळ-साखर काही नको. तोंडाभोवतीचा तवंग आधी कोरड्या फडक्यानं टिपा, मग ओल्या फडक्यानं पुसा. डोळ्यात गेलं असेल तर स्वच्छ पाण्यानं धुवा. उलटी काढायला मिठाचं पाणी पाजायची जुनी खोड आहे, ती सोडा. मीठच त्याला मारू शकतं, आणि तिखट वर येताना घसा दुसऱ्यांदा भाजतं.

एखादी उलटी, एक-दोन पातळ परसाकडं झाले तर घाबरू नका. काही तास पोटाला विश्रांती द्या (पिल्लाला उपाशी ठेवू नका), मग मऊ भात आणि उकडलेली कोंबडी थोडी-थोडी करून. पण उलट्या थांबत नसतील, रक्त दिसलं, पाणीही ठरत नसेल, किंवा कुत्रं पुढचे पाय पसरून मागचा भाग वर करून नमस्कार घातल्यासारखं वारंवार बसत असेल, तर पोटात सणकून दुखतंय. तेलकट तवंगानं स्वादुपिंडाला सूज येते तेव्हा असं होतं, आणि त्याला घरी औषध नाही. कांदा-लसणासाठी पुढचा आठवडाभर लक्ष हवं: ओठ उचलून हिरड्या बघायच्या, गुलाबीच्या फिकट-पांढुरक्या झाल्या का, लघवी लालसर किंवा चहाच्या रंगाची होतेय का, जिना चढताना धापतंय का. यातलं एक जरी दिसलं तरी लगेच दवाखाना.

सणासुदीचं थोडक्यात. दिवाळीच्या चिवड्यातले बेदाणे आणि तासगावची द्राक्षं, दोन्ही कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक. किती खाल्ल्यावर बाधतील याचा नेम नाही, म्हणून एकही नको. जायफळाची बासुंदी-श्रीखंड नको, चॉकलेट नको, बिनसाखरेचं च्युइंगम तर मुळीच नको. त्यात साखरेऐवजी घातलेल्या झायलिटॉलनं रक्तातली साखर झपाट्यानं उतरते.

राहता राहिली गल्लीतली कुत्री. आखाडात आणि धुळवडीला उरलेला रस्सा-भात गटारीकडेला ओतून लोक पुण्य केल्याच्या समाधानात झोपतात. "ती जन्मापासून हेच खात्यात, कुठं काय होतंय?" होतं, पण ती कुणाच्या दारात येऊन सांगत नाहीत, आणि त्यांच्या हिरड्या कोण बघतंय? घालायचंच असेल तर रस्सा कालवायच्या आधी कोरडा भात, नाहीतर सुकी भाकरी बाजूला काढा, थोड्या दह्यात कालवून कागदावर घाला. आम्ही मटणाची हाडं आणि खरकटं वेगळ्या पिशवीत गाठ मारून उंच खिळ्याला टांगतो, सकाळी घंटागाडीत जातं. खाली ठेवलं तर चिंगीच आधी फाडते, मग गल्लीतली येतात.