हाताने पुस्तकबांधणी: पहिली शिवलेली वही

पुस्तकबांधणी शिकू पाहणारा माणूस बहुतेक वेळा आधी कव्हराचे कापड आणि रंगीत दोरा निवडतो आणि कागद मात्र हाताशी असेल तो घेतो. माझ्या मते हा क्रम उलटा हवा. वही सपाट उघडते की नाही, तिचा पुठ्ठा सरळ राहतो की वाकतो, हे शिवण जितके ठरवते त्याहून अधिक कागदाच्या तंतूंची दिशा ठरवते. छपाईच्या व्यवहारात या दिशेला ग्रेन म्हणतात.

यंत्रावर कागद तयार होताना लगद्यातले बहुतेक तंतू यंत्राच्या चालीच्या दिशेने स्थिरावतात. ओलावा लागला की हे तंतू लांबीला फारसे वाढत नाहीत, जाडीला मात्र फुगतात; म्हणून कागद तंतूंच्या आडव्या दिशेने पसरतो आणि वाळताना त्याच दिशेने आक्रसतो. तंतू कण्याला, म्हणजे पाने जिथे शिवली जातात त्या कडेला, समांतर असतील तर हे पसरणे पुढच्या मोकळ्या कडेकडे होते आणि काही बिघडत नाही. ते कण्याला आडवे असतील तर कागद कण्याच्या लांबीत वाढू पाहतो, पण तिथे तो शिवण आणि डिंकाने जखडलेला असल्यामुळे त्याला सुरकुत्या पडतात, आणि उघडलेली पाने खाली न पडता ताठ उभी राहतात.

दिशा ओळखण्यासाठी कागद न मोडता अलगद गोल वाकवावा, आधी एका बाजूने आणि मग दुसऱ्या. ज्या वेळी तो कमी विरोध करतो, त्या वेळच्या बाकाची रेषा तंतूंना समांतर असते. शंका राहिल्यास एक कोपरा फाडून पाहावा: तंतूंच्या दिशेने फाट बरीच सरळ जाते, आडवी फाट भरकटते. पुठ्ठा, अस्तराचा कागद (वही आणि पुठ्ठा जोडणारा दुमडलेला कागद) आणि कव्हराचे कापड यांचीही हीच पाहणी करावी, कारण वहीतल्या प्रत्येक वस्तूचा ग्रेन कण्याला समांतर हवा.

ए-४ आकाराच्या कार्यालयीन कागदात तंतू बहुधा २९७ मिमीच्या लांब बाजूला समांतर असतात. असा कागद मधोमध दुमडून ए-५ वही केली की ते कण्याला आडवे येतात. त्यापेक्षा प्रत्येक ए-४ कागद कापून त्याचे दोन ए-५ तुकडे करावेत आणि ते मधोमध दुमडून १०५ × १४८ मिमी आकाराची ए-६ वही करावी. या आकारात ग्रेन आपोआप योग्य दिशेने येतो. १६ कागदांतून ३२ तुकडे मिळतात. चार तुकडे एकत्र दुमडून एक फर्मा, असे आठ फर्मे होतात आणि वही १२८ पृष्ठांची होते. घडी आधी बोटाने बसवून मग हाडाच्या किंवा गुळगुळीत लाकडाच्या पट्टीने कडक दाबावी आणि सर्व फर्मे रात्रभर वजनाखाली ठेवावेत. ही पायरी वगळल्यास कणा फुगतो आणि पुढची सगळी मापे चुकतात.

भोकांसाठी जाड कागदाची १४८ मिमी लांब पट्टी घडी घालून साचा करावा आणि घडीवर वरून १२, ४५, ५७, ९१, १०३ आणि १३६ मिमीवर खुणा कराव्यात. प्रत्येक फर्मा उघडून साचा त्याच्या घडीत बसवावा आणि बारीक टोच्याने आतून बाहेर, नेमके घडीच्या रेषेवर भोक पाडावे. टोचा रेषेवरून एक मिमी जरी सरकला तरी बाहेरून फर्मे वरखाली दिसू लागतात. वरची आणि खालची भोके गाठींसाठी असतात. मधल्या दोन जोड्यांमध्ये दोन सुती फिती बसतात.

शिवणासाठी मेण लावलेला लिननचा दोरा घ्यावा, एका वेळी साधारण हातभर. पहिल्या फर्म्याच्या पहिल्या भोकातून सुई बाहेरून आत न्यावी आणि दोऱ्याचे सुमारे १० सेंमी टोक बाहेर सोडावे. आतून दुसऱ्या भोकाशी जाऊन बाहेर यावे, फितीवरून जाऊन तिसऱ्या भोकातून आत शिरावे, आणि याच रीतीने दुसरी फीत ओलांडून सहाव्या भोकातून बाहेर पडावे. मग दुसरा फर्मा वर ठेवून त्याच्या सहाव्या भोकातून आत शिरावे, शिवत परत पहिल्या भोकाशी यावे आणि दोरा त्या सोडलेल्या टोकाशी दुहेरी गाठीने बांधावा. तिसरा फर्मा शिवून झाल्यावर खरी गाठ येते, जिला केटल स्टिच म्हणतात. खालचे दोन फर्मे जिथे टोकाला जोडले गेले आहेत, तिथल्या दोऱ्यामागून सुई काढावी, तयार झालेल्या फासातून ती वर ओढावी आणि मगच चौथ्या फर्म्यात शिरावे. यापुढे प्रत्येक टोकाला हेच करायचे.

दोरा ओढताना तो नेहमी कण्याच्या दिशेने, घडीला समांतर ओढावा. स्वतःकडे ओढला तर तो कागद चिरत जातो, आणि चिरलेली घडी दुरुस्त करण्यात नव्याने फर्मा दुमडण्याहून अधिक वेळ जातो. ताण इतकाच असावा की फर्मे एकमेकांना टेकतील. गाठ आवळण्याच्या भरात कणा टोकांशी आत ओढला जाता कामा नये. घडीतून शिवलेल्या फर्म्यांची ही रीत किती टिकाऊ आहे, याची साक्ष ब्रिटिश लायब्ररीतल्या सेंट कथबर्ट गॉस्पेलने द्यावी: ८व्या शतकाच्या सुरुवातीच्या या लहानशा ग्रंथाची मूळ बांधणी आजही शाबूत आहे.

शिवण झाल्यावर दुमडलेल्या अस्तराच्या कागदाला घडीलगत फक्त ३ मिमी डिंक लावून तो पहिल्या आणि शेवटच्या फर्म्यावर चिकटवावा. मग कणा टेबलावर ठोकून सरळ करावा, वही दोन फळ्यांत दाबावी आणि कण्याला पीव्हीए या पांढऱ्या कृत्रिम डिंकाचा पातळ हात द्यावा. त्यावर विरळ विणीचे कापड लावावे, ते दोन्ही बाजूंना २५ मिमी बाहेर राहील असे. पीव्हीएमध्ये पाणी कमी असते आणि तो वाळल्यावरही लवचिक राहतो, म्हणून नवशिक्याने इथे गव्हाच्या खळीपेक्षा तोच वापरावा. पुढची कड कापून सरळ करण्याचा मोह टाळावा. यंत्राशिवाय ती क्वचितच सरळ येते.

आता कव्हर. २ मिमी पुठ्ठ्याचे १०२ × १५४ मिमीचे दोन तुकडे आणि कण्यासाठी पातळ पुठ्ठ्याची पट्टी कापावी. पट्टीची रुंदी म्हणजे प्रत्यक्ष मोजलेली कण्याची जाडी अधिक दोन्ही पुठ्ठ्यांची जाडी. कटर एका दमात दाबून चालवू नये. हलके हात बरेच वेळा फिरवले की कड काटकोनात येते. पाठीला कागद लावलेल्या बांधणीच्या कापडावर हे तिन्ही तुकडे प्रत्येकी ७ मिमी अंतर सोडून चिकटवावेत आणि चारही बाजूंना १५ मिमी कापड दुमडण्यासाठी ठेवावे. कोपरे ४५ अंशांत कापताना पुठ्ठ्याच्या टोकापासून ३ ते ४ मिमी कापड राखावे, नाही तर दुमडल्यावर टोक उघडे पडते.

शेवटी वही कव्हरात ठेवून तिन्ही बाजूंना सारखी ३ मिमी कड सुटते का, हे पाहावे. अस्तराच्या पानाखाली रद्दी कागद सरकवून, फिती आणि जाळीचे कापड आत दाबून, मधून कडांकडे डिंक लावावा. रद्दी काढून पुठ्ठा एकदाच, न घसरू देता, खाली आणावा आणि तो उघडून न पाहता दुसरी बाजू करावी. पुठ्ठा आणि कण्यामधल्या खाचेत विणकामाची सुई बसवावी, अस्तरांमध्ये मेणकागद घालावा आणि वही किमान रात्रभर वजनाखाली ठेवावी. ओले अस्तर वाळताना पुठ्ठा आत ओढते. वजन लवकर काढले तर तो तसाच वाकून राहतो. पहिल्यांदा उघडताना वही कण्यावर उभी धरून दोन्ही बाजूंची थोडी थोडी पाने आळीपाळीने खाली दाबत मध्यापर्यंत यावे.