चंद्र टिकलीएवढा, नाक बटाट्याएवढं: फोटो काढताना या चुका टाळा

गेल्या कोजागरीला गावच्या देवळातल्या दीपमाळेमागून चंद्र वर येत होता. चांगला परातीएवढा वाटत होता. मोबाइल काढला, फोटो घेतला, तर दीपमाळ अख्खी आणि चंद्र टिकलीएवढा! मी कॅमेऱ्याच्या नावाने बोटं मोडली. खरं तर चुकले होते माझे पाय.

चंद्र आकाशात जेमतेम अर्धा अंश जागा व्यापतो. क्षितिजाशी तो मोठा भासतो, तो मेंदूचा खेळ. कॅमेरा त्याला भुलत नाही. कुठलीही वस्तू तिच्या उंचीच्या साधारण ११० पट लांबून पाहिली की चंद्राएवढी दिसते. म्हणजे १० मीटरची दीपमाळ आणि चंद्र तोडीस तोड हवे असतील, तर ११०० मीटर मागे जायचं आणि मग टेलिफोटो, म्हणजे लांबचं मोठं दाखवणारी लेन्स, लावायची. मी १०० मीटरवर होतो. तिथून कितीही झूम करा, दीपमाळेशेजारी चंद्र ९० सेंटिमीटरचाच.

‘टेली लेन्स अंतर दाबते’, म्हणजे जवळचं आणि लांबचं एकमेकांना चिकटल्यासारखं दाखवते, असं सगळेच म्हणतात. मीही म्हणायचो. पण जवळचं आणि लांबचं एकमेकांच्या मानाने केवढं दिसणार, हे तुम्ही कुठे उभे आहात त्यावर ठरतं. लेन्स फक्त त्यातला केवढा तुकडा चौकटीत घ्यायचा ते ठरवते. पटत नसेल तर जागा न सोडता एक वाइड (जास्त परिसर घेणारा) आणि एक टेली फोटो काढा. वाइडचा मधला भाग क्रॉप करा. चित्र फुटेल, पण झाडं, खांब, माणसं यांचं प्रमाण तेच राहील.

चेहऱ्याचंही तसंच. सेल्फीत नाक ३० सेंटिमीटरवर आणि कान त्यामागे १२ सेंटिमीटर धरले, तर कानांच्या मानाने नाक ४० टक्के मोठं येतं. कॅमेरा नाकापासून दीड मीटरवर न्या, हाच फरक ८ टक्क्यांवर येतो. तेव्हा लग्नाच्या बायोडेटासाठी तरी सेल्फी नको. कुणालातरी चार पावलं लांब उभं करून झूम करायला सांगा. (ग्रुप फोटोत अल्ट्रावाइड, म्हणजे खूप रुंद दृश्य घेणाऱ्या लेन्सच्या चौकटीत कडेला जाडजूड मामांना उभं करू नका, आणखी ताणले जातात.)

यंदा मी दीपमाळेच्या पश्चिमेला ११०० मीटर नकाशावर मोजून ठेवलेत. नेमका तिथे उसाचा फड लागतोय. पलीकडच्या बांधावरून दीपमाळ दिसते का, ते आधी एकदा दिवसाउजेडी जाऊन बघायला हवं.