एक्सटर्नल एसएसडी सारखी डिस्कनेक्ट होतेय? ‘स्कॅन अँड फिक्स’ला आधी हात लावू नका

व्हिडिओ एडिटिंगमध्ये नव्याने आलेल्या पोरापोरींसाठी हे लिहितोय. लग्नाचा सीझन, सगळं फुटेज एसएसडीवर, टाइमलाइनही तिच्यावरूनच चालू आणि मध्येच तो ‘टुंग’ आवाज येऊन ड्राइव्ह गायब. क्षणात परत येते, पुन्हा जाते. पोटात गोळा येतो. मला अजूनही येतो.

घाबरू नका, बहुतेक वेळा एसएसडी चांगलीच असते. पण यानंतरची पाच मिनिटं फार जपा.

ड्राइव्ह परत आली की विंडोज विचारतं, यात अडचण दिसतेय, स्कॅन करून दुरुस्त करू का? तिथे ‘हो’ दाबायचं नाही. माझं पहिलं मोठं काम इथेच गेलं, म्हणून सविस्तर सांगतो. दुरुस्ती म्हणजे ड्राइव्हवर नव्याने लिहिणं. कोणती फाइल कुठे आहे याच्या नोंदीच त्यात बदलल्या जातात. कनेक्शन मुळात डळमळीत आहे, म्हणजे हे लिहिणंही अर्ध्यात तुटू शकतं. त्यात आपल्या बऱ्याच ड्राइव्ह एक्सफॅट या फॉरमॅटमध्ये असतात, मॅक आणि विंडोज दोन्हीवर चालाव्यात म्हणून. एक्सफॅटला विंडोजच्या नेहमीच्या एनटीएफएस फॉरमॅटसारखं जर्नल, म्हणजे बदलांची नोंदवही, नसतं, त्यामुळे अर्धवट राहिलेला बदल सावरायला आधार नाही. मग हळदीचं फोल्डर रिकामं आणि ‘फाउंड’ नावाच्या फोल्डरमध्ये नावं हरवलेल्या सीएचके फाइलींचे तुकडे! आधी कनेक्शन स्थिर करा, मग डेटा दुसरीकडे कॉपी करा, दुरुस्ती त्यानंतर. आणि जो सीनियर लक्षण न विचारताच ‘फॉरमॅट मारून टाक’ म्हणतो, त्याच्याकडून रंग, कट, काय हवं ते शिका. डेटा त्याच्या हाती देऊ नका.

आता ड्राइव्ह नेमकी कधी जाते ते बघा. नुसती लावून ठेवली तर तासभर ठीक, पण मोठी फाइल कॉपी करायला घेतली की जाते, तर पहिला संशय केबल आणि पॉवरवर. रिकामी बसली असताना जात असेल तर विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समधलं यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड, म्हणजे वापरात नसलेलं यूएसबी उपकरण झोपवणारी सेटिंग, बंद करा.

फोनच्या चार्जरसोबतची टाइप-सी केबल दिसायला तशीच असते, पण बहुतेकदा ती यूएसबी 2.0 ची. कॉपीचा वेग सेकंदाला 40 एमबीच्या आसपास अडकला की ओळखा. आतल्या तारा बारीक असल्या तर लोड आल्यावर व्होल्टेज पडतं. नागपुरात बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) नवी घेताना 10 जीबीपीएस लिहिलेली, मीटरभराच्या आतली घ्या. पोर्टही बदला: यूएसबी 2.0 पोर्टची हमी 500 मिलीअँपिअरची, 3.0 ची 900 ची, आणि एनव्हीएमई, म्हणजे जास्त वेगवान एसएसडी असलेल्या ड्राइव्हची लिहिताना भूक मोठी. डेस्कटॉप असेल तर पुढचा पोर्ट सोडून मागे, थेट मदरबोर्डवर लावा. हब लागतच असेल तर स्वतःचा अ‍ॅडॉप्टर असलेला. मात्र एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर दोष कशात होता ते कळणारच नाही.

अर्धा-पाऊण तास चालून जात असेल तर ताप बघा. मे महिन्यात नागपूरचा पारा 45 च्या पुढे जातो, खोलीच तापलेली असते. अ‍ॅल्युमिनियमचं केसिंग गरम लागतं ते बरंच, आतली उष्णता बाहेर येतेय. त्यावरचं रबरी कव्हर काढा, लॅपटॉपच्या गरम हवेपासून लांब ठेवा. पण कूलरच्या ओल्या झोतासमोर ठेवू नका, कितीही मोह झाला तरी.

एवढं करूनही खात्री नसेल तर विंडोजमधलं इव्हेंट व्ह्यूअर उघडा, त्यात बिघाडांच्या नोंदी असतात. ‘डिस्क’ या नावाखाली इव्हेंट आयडी 157 म्हणजे ड्राइव्ह अचानक निघाल्याची नोंद. संशय केबल, पोर्ट किंवा केसिंगवर. 7 म्हणजे बॅड ब्लॉक, ड्राइव्हचा खराब झालेला भाग. तो दिसला तर महत्त्वाच्या फाइली आधी उचला, बाकीचं राहू द्या.

दुसरी केबल आणि दुसरा कॉम्प्युटर वापरूनही तुटत असेल, तर केसिंगमधली, एसएसडीला यूएसबीशी जोडणारी ब्रिज चिप बिघडलेली असू शकते. केसिंग वेगळं घेतलेलं असेल तर एसएसडी काढून दुसऱ्यात बसवा, अनेकदा तेवढ्यानेच काम होतं. तयार पोर्टेबल ड्राइव्ह मात्र उघडू नका, वॉरंटी जाईल. आणि वॉरंटीत ड्राइव्ह बदलून मिळते, फुटेज नाही. म्हणून दुसरी कॉपी होईपर्यंत कॅमेऱ्याचं कार्ड पुसू नका, क्लायंटने कितीही घाई केली तरी.