सड्यावरच्या वनस्पतींचं संमेलन साताऱ्यात कसं भरवावं

हौशी निरीक्षक आणि संशोधक मिळून ऐंशी जणांचं दोन दिवसांचं संमेलन साताऱ्यात भरवायचं असेल, तर आधी पंचांग उघडा. सड्यांवरचा, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सपाट कातळांवरचा, बहर साधारण ऑगस्टअखेर ते सप्टेंबरअखेर असतो आणि नेमके त्यातच गणपती येतात. त्या दिवसांत हॉल, गाड्या, पोलीस, वन कर्मचारी कोणीच मोकळं नसतं. पितृपक्षात मात्र लग्नकार्यं नसल्यामुळे मंगल कार्यालयं रिकामी असतात, भाड्यातही घासाघीस करता येते. अधिक मास गणपतींच्या आधी येतो त्या वर्षी पितृपक्ष ऑक्टोबरकडे सरकतो; तेव्हा गणपतीच्या आधीचा शनिवार-रविवार धरा.

वन खात्याला पत्र जूनमध्येच द्या. त्यात सहभागींची संख्या, गाड्या, वेळ आणि ‘एकही नमुना तोडला जाणार नाही’ हे स्पष्ट लिहा. कास पठार २०१२ पासून जागतिक वारसा यादीत आहे आणि रविवारी तिथे पर्यटकांची रीघ लागते. म्हणून रविवारच्या फेरीसाठी कमी वर्दळीच्या दुसऱ्या सड्याची परवानगी मागा. परदेशी पाहुणे येणार असतील तर त्यांना आधीच लेखी कळवा की जैवविविधता कायदा, २००२ नुसार राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाच्या पूर्वमंजुरीशिवाय संशोधनासाठी बी, कंद किंवा पान त्यांना नेता येणार नाही. निरोप घेताना प्रेमाने हातात ठेवलेला खर्चुडी (सेरोपेजिया) या वनस्पतीचा कंद दोघांनाही अडचणीत आणतो.

शनिवारी उद्घाटन वीस मिनिटांत संपवा. हार-तुरे आणि सत्कार लांबले की कात्री लागते ती नेहमी चर्चेच्या वेळेला. सकाळी आठच व्याख्यानं ठेवा, प्रत्येकी बारा मिनिटं बोलणं आणि आठ मिनिटं प्रश्न. दुपार पूर्ण मोकळी सोडा, कारण संमेलनाचा जीव ओळख-टेबलांत, म्हणजे वनस्पती ओळखून नाव ठरवायच्या टेबलांत, आहे. गावोगावच्या हौशी मंडळींकडे वर्षानुवर्षांच्या नोंदी असतात, वर्गीकरण करणाऱ्यांकडे कसोट्या असतात. दोघं शेजारी बसून एकाच फुलाकडे भिंगातून पाहतात तेव्हाच नोंदींना वजन येतं.

पाच टेबलं मांडा: गवतं, गेंद (एरिओकॉलॉन, गोंड्यासारखी फुलं येणारी रोपं), आमरी (ऑर्किड), खर्चुडी आणि ‘बाकी सगळं’. प्रत्येक टेबलावर एक जाणकार, एक लेखनिक, पांढरा एलईडी दिवा, दहापट मोठं दाखवणारी दोन भिंगं, टोकदार चिमटा आणि मिलिमीटरची पट्टी हवी. गवतं आणि गेंदाच्या टेबलांवर विच्छेदन सूक्ष्मदर्शक हवाच. गेंदाच्या अनेक जाती बीजावरणाच्या नक्षीवरून ठरतात, त्यामुळे नुसत्या फोटोवरून नाव मागणाऱ्याला टेबलावर नाव मिळू नये. खात्री नसेल तिथे प्रजातीपर्यंत (जीनस) थांबा आणि जातीची (स्पीशीज) जागा रिकामी ठेवा. घाईने दिलेलं नाव पुढे यादीतून यादीत उतरत राहतं आणि ते खोडणं फार कठीण जातं.

ताजे नमुने फक्त स्वतःच्या अंगणातले किंवा शेताच्या बांधावरचे आणायला सांगा, तेही नेहमीच्या जातींचेच. सड्यावरच्या दुर्मीळ वनस्पती फोटोंतूनच पाहायच्या. पूर्ण झाड, पानाची खालची बाजू, फूल समोरून आणि बाजूने, फळ, आणि शेजारी पट्टी एवढे फोटो हवेत. हे नोंदणीच्या वेळीच कळवलं नाही, तर सगळे फुलाचा एकच सुंदर फोटो घेऊन येतात आणि टेबल रिकामं राहतं.

जुनी हर्बेरियम पानं, म्हणजे वाळवलेले नमुने चिकटवलेले कागद, दाखवणार असाल तर ती वाकवू नका, उलथी ठेवू नका आणि हाताळल्यावर हात धुवायला लावा. पूर्वी नमुन्यांना पारायुक्त विषारी द्रव्य लावत. प्रकार-नमुने, म्हणजे ज्यांच्यावरून जातीचं नाव पहिल्यांदा दिलं गेलं ते मूळ नमुने, मागूच नका, त्यांच्या स्कॅन प्रती पुरतात. पावसाळी हवेत पानं हॉलमध्ये रात्रभर उघडी राहिली तर बुरशी येते, म्हणून संध्याकाळी सिलिका जेलसह बंद पेटीत ठेवा.

रविवारी सकाळी सहाला निघा. सतरा आसनी पाच गाड्या घ्या आणि प्रत्येकीत सोळा सहभागी व एक वाटाड्या बसवा. हाच सड्यावरचा गट. मोठी बस घाटात अडते आणि लोक एकदम उतरले की एकाच जागी गर्दी होते. गट पंधरा-पंधरा मिनिटांच्या अंतराने सोडा. पाऊल उघड्या कातळावरच टाकायचं. सीतेची आसवं आणि दवबिंदू ही कीटकभक्षी रोपं ज्या ओल्या, पातळ मातीत उगवतात तिथे बुटाचा ठसा हंगामभर राहू शकतो. गाडीत चढण्याआधी बुटांचे तळवे ब्रशने घासा, नाहीतर गाजर गवताचं बी वर पोचतं.

दुर्मीळ वनस्पतीपाशी फोनचं स्थान बंद करायला लावा आणि जागा समाजमाध्यमांवर टाकू नये हे नोंदणी अर्जातच सहीसह घ्या. फुरशांची वस्ती असलेल्या कातळावर बसताना आधी काठीने जागा तपासा. सर्पदंशावरचं प्रतिविष असलेलं जवळचं सरकारी रुग्णालय कोणतं, ते आदल्या दिवशी फोन करून पक्कं करा आणि प्रत्येक चालकाला लिहून द्या.

पंधरा दिवसांत प्रत्येक टेबलाची यादी सर्वांना पाठवा: नाव, ठरवणाऱ्याचं नाव, कशावरून ठरवलं, आणि स्थान फक्त तालुक्यापर्यंत. न ओळखलेल्यांची यादी वेगळी करा आणि पुढच्या मोसमात कोण पुन्हा जाऊन फळ किंवा बी पाहणार, ते नावापुढे लिहा.